हात मांडीवर

आमच्या गल्लीत दिवसा मोठ्यानं बोलणारा माणूस म्हणजे एक तर परका, नाही तर बेअक्कल. पावाच्या कारखान्याच्या मागची ही गल्ली. शहर सकाळी उठून जो पाव खातं तो आम्ही रात्रभर उभं राहून भाजलेला असतो. शहर कामाला लागलं की आम्ही पडदे ओढतो आणि झोपतो. भिंती इतक्या पातळ की तिसऱ्या घरात कुणी कूस बदलली तरी कळतं. एकाच्या हातून पातेलं पडलं की पाच घरांची झोप मोडते, आणि झोप मोडलेला माणूस कामावर हात भाजून घेतो. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डाग आहेत. त्यातले निम्मे तरी कुणाच्या ना कुणाच्या पोराच्या रडण्याचे आहेत.

म्हणून कारखान्यातून सुटल्यावर मी गल्लीतली पोरं सांभाळायला घेतली. सात पोरं, आणि आवाज शून्य. बाहेरची माणसं म्हणायची, मावशी, तुम्ही पोरांना अफू तर चाटवत नाही ना? मी म्हणायची, तुमच्या जिभेला चाटवते, मग बघा.

गुपित काही नव्हतं. कारखान्यात पीठ मळायची यंत्रं सुरू झाली की शेजारणीचा शब्द कानात शिरत नाही. तिथं आम्ही बायका तीस वर्षं हातानं बोललो. मनगटावर दोन बोटांनी दोन थापा दिल्या की, मला जायचंय, माझी जागा धर. कोपराला चिमटा म्हणजे भूक. दंडावर मूठ टेकवली म्हणजे काहीतरी दुखतंय, विचारू नकोस, नुसती जवळ थांब. आणि या सगळ्याला उत्तर एकच, पाठीवर सपाट हात. मी आहे, जा. तेच मी पोरांना शिकवलं. तिकडे गोंगाटात उपयोगी पडलं, इकडे शांततेत. दोन वर्षांचं असल्यापासून एकेक पोर माझ्या मनगटावर थापा मारून मोरीकडे बोट दाखवायचं, आणि पडद्याआड त्याची आई घोरत असायची.

सातांमध्ये सगळ्यात हुशार माझी नात. मुंगी म्हणतो आम्ही तिला, कारण चालताना तिची पावलं वाजत नाहीत. पाच वर्षांची. तिनं तर स्वतःच्या खुणासुद्धा काढल्या होत्या. दोन बोटं माझ्या गालावरून खाली ओढली की, आजी, तू चिडलीयेस का? मी चिडलेलीच असायची, पण त्या बोटांनी उतरायची.

आणि सगळ्यात वाया गेलेली भट्टीवाल्याची पोर. ती महिन्याभरापूर्वीच माझ्याकडे आली होती, आजोळी वाढलेली. तिला खुणा चटकन आल्या, पण गळा मात्र आवरायचा नाही. तिला आम्ही ढोलकी म्हणायचो.

शाळा सुरू व्हायच्या दोन महिने आधी एक बाई कागदांची पिशवी घेऊन गल्लीत आली. बूट वाजवत आली, म्हणून आधी तिला बूट काढायला लावले. पोरांनी तिला लगेच नाव दिलं, फॉर्मवाली. माझ्या ओसरीवर बसून ती सांगायला लागली की शाळेत येणाऱ्या सगळ्या वस्त्यांतल्या मुलांची पाहणी आहे.

"अक्षरं तर यांना येत नाहीत अजून," मी म्हटलं.

"अक्षरं नाहीत बघायची, आजी. मनाची तयारी बघायची. आईला सोडून राहतं का, हवं ते मागतं का, घाबरलं तर कुणाकडे जातं."

"मन म्हणजे काय पीठ आहे का, फुगलं की तयार?"

ती हसली. चांगली हसली, मला आवडलं. म्हणाली, "पीठ तयार झालं हे तुम्ही कसं ओळखता?"

"बोट रुतवायचं. खड्डा लगेच उसळून वर आला तर कच्चं आहे. हळूहळू भरून आला तर तयार. आणि तसाच राहिला तर संपलं, ते आता कशाच्याच कामाचं नाही."

"आम्हीपण तसंच काहीसं करतो," ती म्हणाली. मग तिनं नीट समजावलं, ते मी कबूल करते. यात पास-नापास नाही. ज्या वस्तीतली मुलं कच्ची निघतील त्या वस्तीला लहान वर्ग मिळणार. दहा मुलं, दोन बाई, वर्षभर. बाकीची थेट मोठ्या वर्गात. आणि शाळेच्या दारावर नकाशा लागणार, तयार वस्त्या हिरव्या, कच्च्या पिवळ्या.

एवढं सगळं तिनं सांगितलं, आणि माझ्या डोक्यात राहिला फक्त पिवळा रंग.

टाकीकडची वस्ती म्हणजे पाण्याच्या टाकीपलीकडची नवी घरं. तिथल्या बाया दिवसा जागतात आणि पोरांशी गप्पा मारतात. ती पोरं दुकानात जमिनीवर लोळण घेतात नि आया हात जोडतात. त्यांच्या बाया आमच्या गल्लीला मुक्यांची गल्ली म्हणतात हे मी या कानांनी ऐकलं होतं. त्यांच्यासमोर दारावर आम्ही पिवळे? माझ्या हाताखालची पोरं पिवळी?

फॉर्मवाली नमुन्याचा एक कागद सुनेकडे ठेवून गेली. सून कारखान्यातच पाकिटं भरायच्या पट्ट्यावर कामाला आहे, दहावीपर्यंत शिकलेली. मी तिला प्रश्न वाचून दाखवायला लावले.

"आई, हे पाठ करून घ्यायचं नसतं," ती म्हणाली. "मुंगीला जशी आहे तशी बघू दे ना त्यांना. ती बोलत नाही परक्यांशी. लहान वर्ग मिळाला तर बरंच होईल."

"बोलत नाही म्हणजे? तुझ्यापेक्षा जास्त बोलते. हातानं बोलते."

"मग तेच सांगू या त्यांना."

"सांग, आणि गल्लीला पाटी लावून घे, इथे मुकी राहतात म्हणून. जा, झोप तू. डोळे बघ, भट्टीच्या तोंडासारखे झालेत."

ती गेली झोपायला. माझ्यासमोर जास्त बोलायची तिला सवय नव्हती. तीही मीच लावलेली.

गल्लीत मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून मी साती पोरांना कारखान्यापलीकडच्या मोकळ्या मैदानावर नेऊ लागले. रोज दुपारी. एकेकाला उभं करून विचारायची, "कसं वाटतं?" आणि त्यांनी खणखणीत आवाजात सांगायचं, "मला छान वाटतं!" आईशिवाय राहशील? राहीन! काही हवं असेल तर? बाईंना सांगेन! घाबरतेस का? नाही! मैदानावरची कुत्री उठून पळायची. भट्टीवाला एकदा तिथून जाताना थांबला. म्हणाला, "मावशी, फौज उभी करताय की काय?" मी म्हटलं, "तुझ्या ढोलकीला सैन्यात कुणी घेणार नाही, तोंड पुसायला शिकव आधी तिला."

मुंगीला आवाज काढायला तीन दिवस लागले. पहिले दोन दिवस ती माझ्या मनगटाशी यायची आणि थाप द्यायची. तिसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून तिच्या मांडीवर ठेवला.

"हे बघ मुंगे. तिथं थापाबिपा चालणार नाहीत. लोक हसतील. हात मांडीवर. मी सांगेपर्यंत उचलायचे नाहीत. कळलं?"

तिनं मान हलवली. मग मैदानाच्या मध्ये उभी राहून, हात फ्रॉकला चिकटवून, इतक्या मोठ्यानं ओरडली की मीच दचकले. "मला छान वाटतं!"

काय अभिमान वाटला मला! शाळेच्या दिवसापर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

पाहणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. टाकीकडच्यांचा नुसता बाजार. एक पोरगी आईच्या पायाला अशी चिकटली होती की आई तिला ओढत ओढत चालली होती. एकानं फॉर्मवालीच्या पेनाचं टोपण फेकलं आणि म्हणाला, "मला हे नको, मला घरी जायचंय, मला भीती वाटते." मी तोंड फिरवून हसले. बघा म्हटलं, दिवसा जागून हे शिकवलं यांनी.

आमची सात ओळीत बसली, हात मांडीवर. आत जायची वेळ आली तशी मुंगी माझ्याकडे सरकली. तिची दोन बोटं माझ्या मनगटाला लागली. एकच थाप पडली होती. दुसरी पडायच्या आत मी हात काढून घेतला आणि डोळे मोठे केले.

तिनं हात मांडीवर ठेवला.

फॉर्मवालीनं तिला विचारलं, कसं वाटतं? मला छान वाटतं. भीती वाटली तर काय करतेस? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. बाईंना सांगेन. मग फॉर्मवालीनं कागदाच्या बाहेरचं काहीतरी विचारलं, तुझ्या फ्रॉकवर काय आहे, बदक आहे का? हे आम्ही घेतलं नव्हतं. मुंगीनं फ्रॉककडे पाहिलं. मग म्हणाली, "मला छान वाटतं."

फॉर्मवालीनं पेन खाली ठेवलं. मला बाजूला बोलावलं. आवाज हळू केला तिनं, हेही मी कबूल करते.

"आजी, घरी ती काही हवं असेल तर कसं मागते? खरं सांगा. त्यावर बरंच अवलंबून आहे."

माझ्यामागे टाकीकडच्या दोन बाया उभ्या होत्या, कान टवकारून.

"तोंडानं मागते," मी म्हटलं. "तोंड दिलंय ना देवानं."

तिनं लिहून घेतलं.

ढोलकीनं मात्र सगळं मुसळ केरात घातलं. खोलीत पाय ठेवताच तिनं भोकाड पसरलं, पाठ केलेलं सगळं विसरली, फॉर्मवालीच्या बाहीला नाक पुसलं आणि तिच्या मांडीवर चढून बसली. भट्टीवाल्याला मी परत येताना सगळ्या रस्ताभर सोलून काढलं. गल्लीचं नाक कापलं म्हटलं तुझ्या पोरीनं. तो बिचारा मान खाली घालून चालत होता.

नकाशा लागला. आमची गल्ली हिरवीगार. टाकीकडचा सगळा भाग पिवळा. मी मुद्दाम दोनदा जाऊन बघून आले. लहान वर्ग टाकीकडच्यांना मिळाला, आणि उरलेल्या एका जागेवर आमच्याकडची एकटी ढोलकी. गल्लीत मी सांगत फिरले, हळू आवाजात पण दारोदार, की बाकीची साही थेट मोठ्या वर्गात. चव्वेचाळीस पोरांत. एक बाई.

पहिल्या दिवशी मोठ्या वर्गात रडण्याचा नुसता कल्लोळ होता. मुंगी रडली नाही. तिसऱ्या बाकावर जाऊन बसली, हात मांडीवर. वर्गाच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "किती शहाणी आहे हो तुमची नात." मी म्हटलं, घरचं वळण आहे.

आठवड्यानं ती ओला फ्रॉक घालून घरी आली. मी म्हटलं, पाणी सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. वासानं कळलं. मी तिला रागावले, म्हटलं, मोठी झालीस आता, बाईंना सांगायला काय होतं? तिनं मान हलवली. डबाही तसाच परत यायला लागला, झाकणसुद्धा न उघडलेलं. मग बाईंची चिठ्ठी आली. सुनेनं वाचली. मूल हट्टी आहे, सांगत नाही, जाणूनबुजून करते, पालकांनी लक्ष द्यावं.

"जाणूनबुजून!" मी म्हटलं. "त्या बाईलाच काही येत नाही."

सून चिठ्ठीची घडी घालत राहिली, लहान लहान करत. मग तिनं विचारलं, "आई, मुंगीनं तुम्हाला शेवटची थाप कधी दिली?"

मला आठवेना. कालची नव्हती, परवाची नव्हती.

"मला शाळा सुरू व्हायच्या आधी," सून म्हणाली. "मी झोपेतून उठले की येऊन गालावर बोटं ओढायची. आता येतच नाही. दारात उभी राहते."

त्याच दुपारी ढोलकी माझ्याकडे आली. शाळेतून सुटल्यावर ती तशीच धावत यायची, चप्पल वाजवत, आता तिला मी काही म्हणत नव्हते.

"आजी, मुंगी मधल्या सुट्टीत बाहेरच येत नाही," ती सांगायला लागली. "मी खिडकीतून हाक मारते. ती बाकावर बसते, हात असे." तिनं करून दाखवलं. "मी तिला म्हटलं आमच्या वर्गात ये. आमच्या बाईंना मी सगळ्या थापा शिकवल्या. मी दोन थापा दिल्या ना, की त्या इथे हात ठेवतात." आणि आपल्या पाठीकडे हात वळवायला लागली, पोचत नव्हता.

मी तिला पाव दिला आणि घरी पाठवलं. मग चप्पल घातली.

वर्गाच्या बाई फळा पुसत होत्या. घसा बसलेला होता त्यांचा. मी त्यांना सगळं सांगितलं. यंत्रं, पट्टा, थापा, सगळं. तीस वर्षांत कारखान्याच्या मुकादमासमोर मान खाली घातली नाही, त्या बाईसमोर घातली. त्या मध्येच खुर्चीवर बसल्या.

"मला कुणी सांगितलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मला छान वाटतं म्हणते, म्हणजे टिंगल करते. मी दोनदा ओरडले तिला." मग म्हणाल्या, "मी शिकेन थापा. आजच शिकवा. पण आजी, ती माझ्या मनगटापर्यंत आली तर पाहिजे ना."

फॉर्मवाली कोपऱ्यावरच्या खोलीत बसते. तिनं मुंगीचा कागद काढला. मी अक्षर अक्षर लावत माझ्यापुरती ओळ वाचली. हवं ते तोंडी मागते. आजीनं सांगितलं.

"ते खोटं होतं," मी म्हटलं. "खोडा ते. पिवळं करा."

"आजी, लहान वर्ग भरला. अकरावं मूल घेता येत नाही, आधीच चौदा जण थांबलेत. आणि वस्तीची पाहणी आता तीन वर्षांनी." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "मी तुम्हाला विचारलं होतं, आजी. मला शंका आली होती म्हणूनच विचारलं होतं."

"मग माझ्यावर विश्वास कशाला ठेवलास?"

मी पाणी न पिता उठले.

घरी आले तेव्हा उन्हाची तिरीप ओसरीवर आली होती. गल्ली गाढ झोपलेली. मुंगी स्टुलावर बसली होती, मी जाताना बसवली होती तिथेच, तशीच. मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे कडाडले.

"मुंगे," मी कुजबुजले. "आता चालेल. मी सांगते आहे. हात उचल. मार थाप."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी माझं मनगट पुढे केलं, डागांचं. हात उचलला नाही तिनं. मी तिची दोन बोटं धरून माझ्या मनगटावर आपटली, एकदा, दोनदा, आणि लगेच तिच्या पाठीवर सपाट हात ठेवला. मी आहे, जा. बोटं सोडली तशी परत तिच्या मांडीवर गेली. पिठातला खड्डा भरून येईल म्हणून वाट बघावी तशी मी वाट बघत राहिले.

मग स्टुलाखाली टपटप सुरू झाली. ती हलली नाही. पाय भिजत होते, फरशीवर ओघळ माझ्या गुडघ्यापर्यंत आला, आणि ती माझ्याकडे बघत होती, मी डोळे मोठे करते का ते.

मी ओरडले. इतक्या वर्षांत भरदुपारी त्या गल्लीत मी पहिल्यांदा ओरडले. "मार की गं थाप! मार! आजीला मार हवं तर!"

कुठेतरी पातेलं पडलं. पडदे सरकले. भट्टीवाला बनियनवर दारात आला. माझा मुलगा, मुंगीचा बाप, आतून "काय झालं, काय झालं" करत उठला. सगळी गल्ली डोळे चोळत आमच्या ओसरीकडे बघत होती.

आणि मुंगी स्टुलावर ताठ झाली. हात मांडीवर. मैदानावर शिकवला तसा खणखणीत आवाज काढला तिनं.

"मला छान वाटतं!"

सून पडद्याआडून बाहेर आली. मी तिच्याकडे पाहिलं. मी मूठ वळली आणि माझ्या दंडावर टेकवली. दुखतंय, विचारू नकोस, नुसती जवळ थांब. ती खूण तिला माहीत आहे. पट्ट्यावर आठ वर्षं काढलीत तिनं.

तिनं माझी मूठ पाहिली. मग वाकून मुंगीला ओल्या कपड्यांसकट उचललं आणि आत गेली. पडदा ओढला.

दारादारांतली माणसं एकेक करून परत झोपायला गेली. फरशी मी पुसली.